वैऱ्याच्या हाती वायर

"तुझी वायर विशाखा ओढेल," पारसनीस सर म्हणाले. "आणि विशाखाची तू."

मी हसले. मला वाटलं, सर थट्टा करताहेत. कोणाची वायर कोणी ओढायची याचा आमच्या ऑफिसात एकच नियम होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. तुमचं वाटोळं झालेलं बघायला ज्याला सगळ्यात जास्त आवडेल, वायर त्याच्या हातात. मी आणि विशाखा तर एका ताटात जेवणाऱ्या. ती चिपळूणची, मी मानवतची, डहाणूकर कॉलनीत एका खोलीत राहायचो आणि एकीला ताप आला की दुसरी रजा टाकायची.

"सर, आमचं भांडण कुठं आहे?" मी म्हटलं.

पारसनीस सर भाजक्या शेंगा सोलत होते. त्यांच्या खणात शेंगा कायम असायच्या. आवाज कधी चढवायचे नाहीत, कोणाला अरे-तुरे करून बोलायचे नाहीत, मुलींशी मात्र वडिलकीनं एकेरीत. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

"पुढच्या वर्षी मला दोघींना ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "एकच राहील. आता झालं का भांडण?"

थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची कंपनी बावधनला, टाइल्सच्या दुकानाच्या वर. लिनक्सवर चालणारी मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, गावोगाव पसरलेली, कुठं साखर कारखान्यात, कुठं तालुक्याच्या दवाखान्यात, आणि ती सगळी पुण्यात बसून सांभाळायची, हा आमचा धंदा. त्यासाठी प्रत्येक मशीनवर आमचा एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असायचा. त्याला आम्ही मुकादम म्हणायचो. पुण्यातून हुकूम सुटला की मुकादम तिथं काम करून घ्यायचा. नवं सॉफ्टवेअर बसव, सेटिंग बदल, बंद पडलेलं परत चालू कर. कामाला वाघ होता. पण मध्येच वीज गेली की त्याची गाळण उडायची. तेव्हा गावाकडं भारनियमन म्हणजे रोजचंच मरण होतं. काम अर्धवट असताना वीज गेली की मशीन ना जुनं राहायचं ना नवं. मग आमच्यातला कोणीतरी एसटीत बसून अक्कलकुव्यापर्यंत जायचा, तेवढं एक मशीन उठवायला.

हे दोष काढायचं काम आम्हा दोघींकडं होतं. मुकादम स्वतःची नवी आवृत्ती बसवतो तेवढा भाग माझा. मशीनच्या नेटवर्कची सेटिंग बदलतो तो भाग विशाखाचा.

आणि केलेली दुरुस्ती टिकते का हे बघायला ऑफिसच्या मधोमध एक जुनं मशीन ठेवलेलं होतं, झाकण काढलेलं. त्याचं नाव बोकड. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालायचे आणि वर्षभर त्याचा जीव घ्यायचे. नवी दुरुस्ती बोकडावर चढवायची, मुकादमाला काम लावायचं, आणि काम चालू असताना दुसऱ्या कोणीतरी बोकडाची विजेची वायर भिंतीतून ओढायची. मुकादम एकेक पायरी करतो ते पडद्यावर दिसत असतं. कुठल्या पायरीला ओढायची ते ओढणाऱ्याच्या मर्जीवर. ज्याची दुरुस्ती त्यानं मागं उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. मग वायर परत लावायची. बोकड उठून पुण्याच्या पडद्यावर, जिथं सगळ्या मशीनांचे ठिपके दिसायचे, तिथं हिरवा झाला तर तुम्ही सुटलात.

"मित्राच्या हातात वायर दिली की तो दया करतो," सर म्हणायचे. "आणि दयेनं सॉफ्टवेअर सडतं."

आपण राहायचंच, असं मी त्या दिवशी मनाशी म्हटलं. न राहून करते काय? मानवतला काकांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात टायपिंगची खुर्ची माझी वाटच बघत होती. सरकी आणि गाठींचे आकडे बडवत बसायचं आणि दुपारी काकांना चहा करून द्यायचा. मला हे काम आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मला जमत होतं आणि आवडतही होतं. विशाखाचंही तेच. तिच्या भावानं तिला बजावून ठेवलेलं होतं की नोकरी सुटली तर दुसऱ्या दिवशी सामानासकट चिपळूण, एक दिवस जास्त नाही.

रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना विशाखानंच विषय काढला.

"अर्चे, आपण एक ठरवू या?"

"काय?"

"सुरुवातीलाच ओढायची. नुसतं डाउनलोड चालू असतं ना, तेव्हा. त्या वेळी वीज गेली तर कोणाचंच काही बिघडत नाही. तुझंही उठेल, माझंही उठेल. मग सरांना काय करायचं ते करू देत. निदान आपल्या हातून एकमेकींचं वाईट नको व्हायला."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी ओल्या हातानं तिचा हात धरला आणि म्हटलं, ठरलं.

मग चिमटे लावता लावता तिनं विचारलं, "पण खरं सांग, तुझं कच्चं कुठं आहे?"

मी सांगितलं. आपल्याच माणसापासून काय लपवायचं? मुकादम आधी स्वतःची जुनी प्रत काढून टाकतो आणि मग नवी जागेवर ठेवतो. मध्ये एक क्षण असा येतो की जुनी गेलेली असते आणि नवी आलेली नसते. नेमकी तेव्हा वीज गेली की खेळ खलास.

"आणि माझं दोन फायलींत अडकतंय," ती म्हणाली. "एक लिहून झाली आणि दुसरी राहिली, अशात वीज गेली तर मशीन उठतं, पण पुण्याशी बोलतच नाही. सुचेल काहीतरी. आधी हे दिवस जाऊ देत."

परीक्षेच्या दिवशी आधी तिची पाळी होती. मी बोकडापुढं बसले, उजवा हात वायरीवर. विशाखा माझ्या मागं उभी. बाकीचे चहाचे कप घेऊन जमलेले. पडद्यावर डाउनलोडची ओळ आली आणि मी वायर ओढली. ठरल्याप्रमाणं. कोणीतरी मागं फिसकन हसलं. वायर परत लावली, बोकड आळोखेपिळोखे देत उठला आणि हिरवा झाला. पारसनीस सरांनी एक शेंग फोडली.

मग माझी पाळी. विशाखा बसली. मी तिच्या मागं. डाउनलोडची ओळ आली. तिनं हात हलवला नाही. ओळ गेली. मला वाटलं, तिचं लक्ष नाही, आता ओढेल. तपासणीची ओळ आली, गेली. तिची पाठ ताठ झालेली मला दिसत होती. ती वाकून पडद्याकडं बघत होती, डोळ्यांत तेल घालून, आणि नेमक्या त्या ओळीला, जिथं जुनं निघून नवं जागेवर बसतं त्या ओळीला, तिनं वायर हिसडली.

केसानं गळा कापला माझा. आणि तो कुठं कापायचा, ते मीच गच्चीवर बोट लावून दाखवलं होतं.

तिनं वायर परत लावली. बोकडाचा पंखा फिरायला लागला, पडद्यावर ओळी सरकायला लागल्या, आणि बोकड हिरवा झाला.

विशाखानं वळून माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला होता.

ती मला दगा देईल असं मला वाटलं होतं म्हणून मी काही केलं होतं, अशातला भाग नाही. पण कच्चं आहे हे कळल्यावर ते तसंच ठेवणं मला जमत नाही, अंगाला खाज सुटते. सोमवारी सकाळी बसले आणि दुरुस्त करून टाकलं. नवी प्रत बाजूला पूर्ण तयार करून ठेवायची आणि मग एका फटक्यात नाव बदलून तिला जुनीच्या जागी बसवायचं. मध्ये मोकळा क्षणच नाही. विशाखाला ते सांगितलं नाही, एवढंच. का नाही सांगितलं ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही, आणि मी कधी खणून बघायलाही गेले नाही.

"दोन्ही उठली," सर म्हणाले. "अर्चना, तू तिची वायर डाउनलोडला का ओढलीस?"

मी विशाखाकडं पाहिलं. मला वाटलं, आता ती मान खाली घालेल. निदान तेवढं तरी करेल.

"सर, मी सांगते," ती म्हणाली. "माझं कुठं कच्चं आहे ते अर्चनाला माहीत होतं. मी स्वतः तिला सांगितलं होतं. तरी तिनं तिथं ओढली नाही. तिनं ते झाकलं."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. स्वतःचा दोष चारचौघांत उघडा करून ती माझ्या अंगावर फेकत होती.

"कुठं कच्चं आहे?" सरांनी विचारलं.

"दोन फायलींच्या मध्ये."

सर स्वतः उठले. हातावरची फोलपटं झटकली, बोकडापुढं बसले, विशाखाची दुरुस्ती परत चढवली आणि दोन फायलींच्या मध्ये वायर ओढली. बोकड उठला, पण पुण्याच्या पडद्यावर लालच्या लाल. सर त्या लाल ठिपक्याकडं जरा वेळ बघत राहिले.

"सर, आमचं ठरलं होतं," मी म्हटलं. माझं डोकं फिरलं होतं, लाज गेली चुलीत. "दोघींनी डाउनलोडलाच ओढायची असं ठरलं होतं. हिनंच ठरवलं होतं. विचारा हिला."

"ठरलं होतं ना?" सर अगदी शांतपणे म्हणाले. "मग तर आणखीच वाईट. तिनं मोडलं आणि तू पाळलंस."

"सर, माझं सॉफ्टवेअर उठलं. तिचं पडलंय."

"दोष काय, माझ्याही हातून राहतो. तो दुरुस्त होतो. पण दोष दिसला आणि पदराखाली घातला, असा माणूस माझ्या कामाचा नाही. हे असंच दवाखान्यात गेलं असतं, अर्चना. तुझ्या मैत्रीपायी." मग विशाखाकडं वळून म्हणाले, "हे नीट करून दे. अर्चना, तू महिनाअखेरीपर्यंत ये."

सगळ्यात वाईट हे होतं की तो माणूस खोटं बोलत नव्हता.

संध्याकाळी खोलीवर आले तर विशाखा भात लावत होती. दोघींचा. कुकरमध्ये किती तांदूळ टाकलेत ते मला झाकण न उघडता कळलं असतं.

"जेवणार ना?" तिनं माझ्याकडं न बघता विचारलं.

"तुला लाज कशी वाटत नाही गं?"

"वाटते." तिनं गॅस बारीक केला. "पण तूही मला न सांगता दुरुस्त केलंसच ना? मग तुझा तरी माझ्यावर विश्वास कुठं होता?"

"मी ओढली तर डाउनलोडलाच ना?"

"तुझं उठलं ना शेवटी?"

"उठेल हे तुला माहीत होतं?"

कुकरची शिट्टी झाली.

"नव्हतं," ती म्हणाली.

मी जेवले. उपाशी राहून कोणाला दाखवायचं होतं? त्यानंतर आम्ही त्याच खोलीत राहत होतो, एकाच दोरीवर कपडे वाळत घालत होतो आणि एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हतो. ती उशिरापर्यंत ऑफिसात बसायची. दुरुस्तीमागं हात धुऊन लागली होती. मी मानवतला फोन करून सांगितलं, येते. काका म्हणाले, खुर्ची पुसून ठेवतो.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी पारसनीस सरांनी मला बोलावलं.

"विशाखाची दुरुस्ती झाली आहे," ते म्हणाले. "वायर तू ओढ."

"मी? मी तर चाललेय, सर."

"म्हणूनच," सर म्हणाले. "आता तुझ्याइतकी चांगली कोण ओढेल?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पायापासून डोक्यापर्यंत आनंद झाला. मी ओढणी खोचली आणि जाऊन बोकडापुढं बसले. विशाखा मागं येऊन उभी राहिली. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

पहिल्यांदा मी दोन फायलींच्या मध्येच ओढली, तिचं जुनं दुखणं होतं तिथं. बोकड उठला, हिरवा झाला. तिनं काम चांगलं केलं होतं. सेटिंग बदलायला घेण्याआधी मुकादम आता एक खूण टाकून ठेवायचा, की काम चालू आहे. उठल्यावर ती खूण दिसली की त्याला कळायचं, अरे, काम अर्धवट राहिलंय. मग तो जुनी सेटिंग परत जागेवर लावायचा. झकास होतं. मला कौतुकही वाटलं आणि त्याचा राग आला.

दुसऱ्यांदा अगदी शेवटी ओढली, सगळं होत आलेलं असताना. परत हिरवा.

मागं विशाखानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. किती दिवसांनी ती माझ्याशी बोलली. हळूच म्हणाली, "झालं ना, अर्चे?"

तो मऊ आवाज ऐकला आणि मला सगळं लख्ख दिसलं. मी तिच्याबरोबर तीन उन्हाळे काढले होते. ही पोरगी एकदा सावरली की निर्धास्त होते. ताप उतरला की औषधाची बाटली टाकून देते. एकदा पडलेला माणूस उठता उठता परत पडू शकतो, हे तिच्या डोक्यात येतच नाही. म्हणजे उठल्याबरोबर, जुनी सेटिंग लावायच्या आधीच, तिनं ती खूण पुसून टाकलेली असणार.

मी तिसऱ्यांदा काम लावलं. मध्येच वायर ओढली. परत लावली. बोकड उठायला लागला, पडद्यावर ओळ आली की जुनी सेटिंग परत आणतोय, आणि तो अर्ध्यावर आलेला असताना मी पुन्हा वायर ओढली.

"हे काय?" विशाखा म्हणाली. "अजून उठला कुठं होता तो? उठू तरी द्यायचं ना!"

"हे नियमात नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"वीज काय नियम विचारून जाते?" पारसनीस सर म्हणाले. शेंगा बाजूला ठेवून ते पुढं येऊन उभे राहिले होते.

मी वायर लावली. बोकड उठला. खूण पुसलेली, सेटिंग अर्धी जुनी आणि अर्धी नवी, आणि मुकादमाला वाटतंय, सगळं ठीक आहे. पडद्यावर लाल ठिपका आला आणि तसाच राहिला. विशाखानं मला बाजूला सारलं, स्वतः बसली आणि काय काय करून बघितलं. तिची बोटं कीबोर्डवर घसरत होती. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. कोणी तिला उठ म्हणालं नाही, आणि तिच्यानं काही होईना.

"आता आली तुला वायर ओढता," सर मला म्हणाले. तिच्या डोक्यावरूनच म्हणाले. "राहतेस?"

विशाखाची बोटं थांबली. तिनं वर पाहिलं नाही. सगळ्या ऑफिसात माझ्या उत्तराची वाट बघणारी तेवढी ती एकटीच होती, बाकीच्यांना ते माहीत होतं.

"राहते," मी म्हटलं.

तिचा भाऊ शनिवारी टेम्पो घेऊन आला. कुकर तिचा होता, तो तिनं जुन्या चादरीत बांधला. बादल्या तिनं मला ठेवल्या. सगळं खाली गेलं आणि ती एकटीच वर परत आली. मला वाटलं, शिव्या देईल. मी त्याच्या तयारीत होते.

"एवढं सांग," ती दारात उभी राहून म्हणाली. डोळे सुजलेले होते. "माझं नेमकं चुकलं कुठं? मी सगळं तपासून बघितलं, अर्चे. मला सापडत नाहीये. डोक्यातून जातच नाही. फक्त कुठं ते सांग, मी जाते."

मला माहीत होतं. एक ओळ होती. खूण पुसायची ओळ तिनं आधी लिहिली होती, ती सगळ्यात शेवटी जायला हवी होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि तिची सुटका झाली असती. ती चौकटीवर हात टेकून वाट बघत उभी होती.

"भाऊ खाली थांबलाय," मी म्हटलं.

ती गेली. सोमवारी मी ती ओळ खाली घेतली. त्यानंतर मुकादम त्या जागी कधी पडला नाही.